माधवी, तुझ्या फोनविषयी

नौपाडा, ठाणे

प्रिय माधवी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रात्री दीड-दोनपर्यंत रील्स, सकाळी ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये चुरचुरणारे डोळे, आणि शेवटी, 'मला व्यसन लागलंय, माझ्यात इच्छाशक्तीच नाही.' सासूबाईंचं अंथरुणावरचं सगळं दुखणं जिनं एकटीनं काढलं, तिच्या इच्छाशक्तीबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही.

तू व्यसन म्हणतेस खरी, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत स्मार्टफोनचं व्यसन असं वेगळं निदान नाही. २०२२ पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा विकार आहे, आणि तोही नुसते तास मोजून ठरत नाही. ताबा सुटलाय का, बाकीची कामं मागे पडलीत का, नुकसान दिसत असूनही थांबवत नाही का, हे बघतात. तुझं नुकसान म्हणजे झोप. ते खरंच आहे, त्याला मी हसणार नाही.

आणि समोरची वस्तूही साधी नाही गं. अझा रास्किन नावाच्या डिझायनरनं २००६ साली ते न संपणारं स्क्रोल बनवलं आणि पुढे त्यानंच जाहीरपणे खेद व्यक्त केला. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो, 'पुरे आता' म्हणतो. तो थांबाच काढून टाकलाय. त्यात पुढचं रील भारी निघेल की फालतू, हे आधी कळत नाही, म्हणून बोट सरकतच राहतं.

पण मला खरं बोलायचंय ते तुझ्या स्वभावाबद्दल. मुळातच चिंता करणाऱ्या माणसांमध्ये फोनचा अतिवापर जास्त आढळतो, शिस्तीत कामं उरकणाऱ्यांमध्ये कमी, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. नैराश्याशीही संबंध सापडतो. मात्र त्यातले बरेचसे अभ्यास एकदाच प्रश्नावली भरून घेऊन केलेले, त्यामुळे आधी फोन की आधी चिंता, हे त्यावरून सांगता येत नाही. तुझ्या बाबतीत मला सांगता येतं. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री घरातली घासलेली भांडी तू परत घासत बसली होतीस. आई ओरडत होती, तू घासतेच आहेस. तेव्हा कुठे होता फोन? आता चिन्मय जर्मनीला गेलाय, अंथरुणावर पडलं की त्याचेच विचार, आणि भांड्यांच्या जागी रील्स.

म्हणून ते 'महिनाभर फोन बंद'वालं चॅलेंज घेऊ नकोस, दुसरं काहीतरी घासत बसशील. रिंग मोठी ठेवून फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव, चिन्मयचा कॉल आला तर ऐकू येईल. गजराला साधं घड्याळ आण. आणि चिंतेबद्दल कुणाशी तरी बोल. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. समोर बसून बोलायचं तर इथे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. 'ठाण्याला पाठवा हिला' असं तुझे अहो म्हणतीलच. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून बहुधा हा एकच विनोद चालू आहे. दुर्लक्ष कर.

शनिवारी ऑफिस सुटलं की इकडेच ये. मामलेदारची मिसळ खाऊ, मग तलावपाळीला चक्कर. फोन मात्र आण, चिन्मयच्या खोलीचे फोटो मला अजून दाखवले नाहीस.

तुझी,
संध्या