गोऱ्या आजोबांचा दाखला आणि क्लेअरचा रस्ता

पुणे
नोव्हेंबरअखेर

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारी डब्लिनहून फोनवर तू एवढी मोठी बातमी दिलीस आणि मी आधी गाडीचंच विचारत बसलो, ते तुला आवडलं नाही. आई पण म्हणाली, "पोरीनं पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा माणूस शोधून काढला आणि तुम्ही टायर कसले विचारता?" म्हणून आज फक्त आपल्या मूळपुरुषाबद्दल, गोऱ्या आजोबांबद्दल लिहायला बसलोय. गाडीचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. कंपनी सरकारच्या रंगरुटांची १८५३ ची यादी, त्यात आपलं जुनं आडनाव, वय वीस, धंदा मजुरी, आयर्लंडमधली काउंटी क्लेअर, आणि कुठल्या जहाजानं मुंबईला धाडलं तेही. पुढे पलटण: तिसरी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. माझ्या आजोबांनी आयुष्यभर एवढंच सांगितलं होतं की आपला मूळपुरुष 'आयरिश सोल्जर' होता आणि पलटणीबरोबर गेला तो परत आला नाही. आत्या तर त्याला इंग्रजच म्हणायची. आपल्या घरात चार पिढ्यांत कुणाला जे जमलं नाही ते तू रात्रपाळ्या करून, झोप मोडून केलंस. लॅटिनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तू स्वतः वाचल्यास, हे मी चर्चमध्ये दोघातिघांना सांगितलं. आईला वाटतं जास्तच सांगितलं.

आता कामाचं. मी जन्मभर भूकरमापक म्हणून टिपणं आणि फाळण्या वाचल्या, तेवढ्या अधिकारानं बोलतो. तुला क्लेअरमधल्या त्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, वहीत एकाच नावाची दोन मुलं सापडली, बाप्तिस्मे दीड वर्षाच्या अंतरानं. तू म्हणालीस, "पहिलाच आपला असणार, कारण त्याच्या बापाचं नाव ग्रिफिथच्या आकारणीत आहे आणि गावही कळतंय." बाळ, तिथे थांब. आयर्लंडमध्ये थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव ठेवायची रीत होती. एका आजोबाचे चार मुलगे असले तर एकाच पॅरिशमध्ये एका नावाचे चार चुलतभाऊ होतात. म्हणजे नाव जुळणं हा पुरावाच नव्हे. रंगरुटाच्या वयाचंही तसंच. भरतीच्या मेजावर पोरगा सांगेल ते वय, त्यात एकदोन वर्षं इकडे तिकडे होतातच. आणि ग्रिफिथची आकारणी, १८४७ ते १८६४ मध्ये सबंध आयर्लंडभर झालेली ती, कर कुणावर बसवायचा एवढ्यासाठी होती. तिच्यात जमीन आणि घर वहिवाटणाऱ्याचं नाव मिळतं, जमीनदाराचं मिळतं. बायकापोरं मिळत नाहीत. आपल्या सातबाऱ्यावरून घरात कोण कोण राहत होतं ते कळतं का?

तर मग कसं ठरवायचं? आपला कोण ते नंतर बघ, आधी कोण नव्हे ते शोध. दोघांपैकी एकजण १८५३ नंतरही क्लेअरमध्येच दिसला, कुणाच्या बाप्तिस्म्याला गॉडफादर म्हणून उभा राहिला, त्याचं लग्न लागलं, तर तो पुण्यात नव्हता. सरकारी नोंदणी १८६४ पासून सगळ्यांना लागू झाली, तिथून पुढचे मृत्यूचे दाखले बघ. १९०१ ची जनगणना बघ, ती पूर्ण शाबूत आहे आणि फुकट पाहता येते. त्यात अडुसष्ट-सत्तरीचा त्या नावाचा म्हातारा क्लेअरमध्ये आहे का? असला तर धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाच. शेतकरी असेल तर तो बहुधा दुसरा. सैन्याचा पेन्शनर असेल तर... तर तोच आपला असू शकतो. पेन्शन घेऊन घरी परतलेला, कदाचित तिथे बायको-मुलं असलेला. खरं सांगू? मला ते उत्तर नको आहे. पण सापडलं तर लपवू नकोस.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. १८२१ ते १८५१ च्या जनगणना मिळत नाहीत म्हणून तू वैतागलीस, तेव्हा मी त्याबद्दल वाचलं. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीत, यादवी नुकती सुरू झालेली असताना, स्फोट आणि आग झाली आणि शेकडो वर्षांचं दप्तर गेलं. प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या तिथे सुरक्षित राहाव्यात म्हणून आणून ठेवल्या होत्या, त्या गेल्या. कॅथलिक वह्या आपापल्या पॅरिशमध्येच पडून होत्या म्हणून वाचल्या. आणि १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर सरकारनेच नष्ट केल्या, आगीची गरजच पडली नाही. मी त्या रात्री नीट झोपलो नाही. ज्याने तळघरातल्या दप्तराच्या रुमालांवरची धूळ झटकत नोकरी केली त्यालाच हे कळेल. जळालेल्या कागदांच्या नकला जगभरातून गोळा करून त्यांनी ते दप्तर संगणकावर पुन्हा उभं करायला घेतलंय आणि २०२२ पासून सगळ्यांना खुलं केलंय, हे वाचून जरा बरं वाटलं. त्यातही एकदा बघ.

तू लहान असताना तुला सासवडकडे मोजणीला घेऊन गेलो होतो, आठवतं? शाळेला सुट्टी होती, आई बाळंतपणाला मावशीकडे गेलेली. तू साखळीचं टोक धरून बांधावर उभी राहिलीस आणि हलेचनास. साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, हे तू तिथेच पाठ केलंस आणि संध्याकाळी घरी येऊन भिंत मोजलीस. शेतकरी म्हणाला, "रावसाहेब, पोरगी तुमच्यावर गेली." तुझ्या बोटाला कडीचा चिमटा बसला होता, तरी तू टोक सोडलं नव्हतंस. डाव्या हाताची करंगळी. व्रण आहे का अजून?

आयर्लंडची मोजणीही अशीच साखळीनं झाली. १८२४ ते १८४६ मध्ये, मैलाला सहा इंच या प्रमाणात सबंध देश उतरवला. साठ हजारांवर टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपलं मौजे, अगदी तसंच. त्या नकाशावर झोपड्यासुद्धा दिसतात. तुझ्या त्या मौज्यात पहिल्या नकाशावर किती घरं आहेत आणि पुढच्यावर किती उरली ते मोज. १८४१ ला आयर्लंडमध्ये ८१ लाखांवर माणसं होती, १८५१ ला ६५ लाख. मधे बटाट्याचं पीक कुजलं. क्लेअरमध्ये किलरश भागात तर दुष्काळातच जमीनदारांनी घरांवरची छपरं उतरवून कुळं बाहेर काढली. गोरे आजोबा तेव्हा बारा ते अठरा वर्षांचे असतील. वीस वर्षांचा मजूर कंपनीच्या पलटणीत का शिरला, ते यानंतर विचारावं लागत नाही. भाकरीसाठी.

आणि तिथून आला तो झाशीला गेला असणार. हे तू फोनवर हळू आवाजात सांगितलंस. तिसरी बॉम्बे युरोपियन ३ एप्रिल १८५८ ला शिड्या लावून झाशीच्या तटावर चढली, इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या हाताखाली. पुढे शहरात काय झालं ते वरसईच्या गोडसे भटजींनी स्वतः पाहिलं आणि मराठीत लिहून ठेवलं. ते बिजन, म्हणजे ती सरसकट कत्तल, मी शाळेत असताना वाचलं होतं आणि रडलो होतो. तेव्हा माहीत नव्हतं की तटावर आपलंही रक्त असेल. पदकांच्या यादीत नाव आणि 'मध्य हिंदुस्थान'ची पट्टी सापडली तरच तो तिथे होता असं म्हण, नुसत्या पलटणीवरून नको. कुणी दवाखान्यात असतं, कुणी डेपोत. पण सापडली तर वंशावळीत तसंच लिहायचं. छपराखालून हाकललेला पोरगा आणि तटावर चढलेला शिपाई हा एकच माणूस, दोन्ही लिहायचं. आत्याला मी सांगेन, तू नको सांगूस. तिची शुगर आधीच वर आहे.

एनिसला काउंटी लायब्ररीचं स्थानिक इतिहासाचं केंद्र आहे आणि डब्लिनहून लिमरिकमार्गे एनिसला रेल्वे जाते. रेल्वेनं जा. शनिवारी पाळी सुटल्यावर तशीच गाडी घेऊन पश्चिमेकडे निघायचं म्हणत होतीस. रात्रभर जागून, एकटी, नोव्हेंबरात, साडेचारला अंधार पडतो तिथे. मोठ्या रस्त्याचं ठीक, एनिसच्या पुढे रस्ते अरुंद, पाऊस, समोरून ट्रॅक्टर. काका पण पाळी करूनच निघाले होते. घाट त्यांना पाठ होता.

लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. तू पस्तिशीची आहेस, आयसीयू सांभाळतेस, लोकांचे जीव वाचवतेस, आणि मी तुला रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतोय. माफ कर. खोडणार होतो, पण मग कागद खराब दिसतो. फार तर डिसेंबरात दोन दिवस रजा घेऊन जा, मैत्रिणीला बरोबर घे, दिवसाउजेडी. ते मौजे पावणेदोनशे वर्षं तिथेच आहे. आणि दोघांतला कोण ते ठरलेलं नसताना नुसत्या एका आडनावावर तिथल्या दारात जाऊन "मी तुमची नातलग" म्हणू नकोस. त्या लोकांना ते सोसेल, तुला खोटं निघालं तर सोसणार नाही. तुला मी ओळखतो.

आता पुण्याचा बाप्तिस्मा. त्या कागदावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मुंबई इलाख्यातल्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या म्हणून तो वाचला. बापाचं नाव, आडनाव, हुद्दा, पलटण, सगळं स्वच्छ. आईच्या रकान्यात 'मारिया', एवढंच. आडनाव नाही, गाव नाही, बापाचं नाव नाही. तेही पाद्रीनं दिलेलं नाव, मूळचं काय होतं कोण जाणे. आपण सगळे त्या गोऱ्यामागे क्लेअरपर्यंत पोचलो. पण पोर वाढवलं हिनं. पलटण गेल्यावर इथे राहिली ही. आपण मराठी बोलतो ती हिची. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, घाटावरचं बोलणं, सगळं हिच्याकडूनच आलं असणार. आत्याला लग्नाचा दाखला नाही याची लाज वाटते. मला वाटते ती वेगळ्याची वाटते, की आपल्या घरात हिचं नाव कधी कुणी विचारलंसुद्धा नाही. वंशावळीच्या तक्त्यात तिचा चौकोन गोऱ्या आजोबांएवढाच मोठा काढ. रिकामा दिसला तरी चालेल.

आईचं म्हणणं, मेथीचे लाडू तू अजून उघडलेच नाहीस. पोचल्याचा मेसेज टाकत जा, कुठेही गेलीस तरी. नुसता अंगठा पाठवलास तरी पुरे.

तुझा,
बाबा

ता. क. : इथलं सेंट पॅट्रिक्स चर्च १८५० सालचं, आयरिश शिपायांसाठीच बांधलेलं. सोमवारी तिथल्या कचेरीत जाऊन जुनी दफनाची वही पाहायला मिळते का विचारणार आहे. मारिया या नावाच्या, आडनाव नसलेल्या सगळ्या नोंदी उतरवून घेईन, १८६० पासून पुढच्या. बाप्तिस्म्याच्या कागदाचा पूर्ण संदर्भ क्रमांक, पान आणि फोलिओसकट, तेवढा लगेच पाठव. तुझ्या फोटोत कोपरा कापला गेलाय.