घरच्या सुतारकामातील धुळीची व्यवस्था

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी सुतारकाम करण्याची आवड शहरांतून वाढत आहे आणि तिच्याविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून लेखही येतात. यंत्रे कोणती घ्यावीत, लाकूड पारखून कसे घ्यावे, हे त्यांत तपशिलाने असते. पण या कामात निघणाऱ्या धुळीचा विषय बहुधा ‘मास्क लावावा’ एवढ्यावरच आटोपला जातो. कारखान्यांत हवा खेचून घेणाऱ्या यंत्रणा बसवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि निवृत्तीनंतर मी स्वतः घरी सुतारकाम करतो, म्हणून या एकाच विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

करवतीखाली साचणारा भरड भुसा आणि रंध्यातून निघणाऱ्या ढलप्या यांचा पसारा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्यालाच धूळ समजतो. वास्तविक ते जड असल्यामुळे लगेच खाली बसतात आणि गोळा करून टाकता येतात. अपाय करते ती सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र), राउटर (लाकडात खाचा आणि कडा कोरणारे यंत्र) आणि कटरमधून उडणारी पिठासारखी बारीक धूळ. दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण श्वासावाटे छातीत उतरू शकतात, आणि अडीच मायक्रॉनचा कण तर स्थिर हवेतसुद्धा दीड मीटर खाली यायला दोनएक तास घेतो. सँडर बंद केल्यावर खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेकडे पाहावे. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या खोलीत किती कण तरंगत आहेत ते तिथे दिसते, आणि नेमके त्याच वेळी काम संपले म्हणून मास्क काढलेला असतो. त्यावर केरसुणी फिरवली किंवा पंखा लावला की खाली बसलेली धूळही पुन्हा वर येते.

हा केवळ शिंका-खोकल्याचा प्रश्न नाही. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले, आणि त्याला मुख्य आधार होता तो फर्निचर बनवणाऱ्या कामगारांमध्ये आढळलेल्या नाकाच्या व नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि प्लायवूड चिकटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रेझिनमध्ये बहुधा फॉर्मल्डिहाइड असते, आणि त्याचाही समावेश याच संस्थेने २००४ मध्ये त्याच गटात केला. ते कामगार वर्षानुवर्षे दिवसभर धुळीत वावरत होते आणि हौशी माणूस तेवढा वावरत नाही, हे खरे; पण कारखान्याच्या उंच शेडपेक्षा आपली दहा बाय दहाची खोली कितीतरी कोंदट असते आणि घरातली मुले-माणसे तीच हवा घेत असतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील चौदाव्या कलमाने एक तत्त्व फार नेमके मांडले होते: धूळ जिथे निर्माण होते तिच्या शक्य तितक्या जवळ ती खेचून घ्यावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. घरच्या कामालाही हेच लागू पडते. आपल्याकडे अनेक जण मार्बल कटरला (फरशी कापायचे हातयंत्र) लाकडाचे पाते लावून तो टेबलाखाली उलटा बसवतात आणि त्याचाच टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पाते वर आलेली करवत, करतात. त्याला ना गार्ड (पाते झाकणारे आवरण) असते, ना धुळीची नळी जोडायला तोंड. पात्यावरचे गार्ड तर बोटांसाठीही हवेच. त्याशिवाय टेबलाखाली प्लायची पेटी करून कटर तिच्यात झाकला, मोटरला थंड हवा मिळेल एवढी फट ठेवली आणि पेटीच्या तळाशी नळी जोडली, तर बराच भुसा तिथेच अडतो. जो भुसा पात्याच्या दातांबरोबर वर येतो, त्यासाठी गार्डलाच दुसरी नळी लागते. सँडरची गोष्ट याहून सोपी आहे, आणि तरीही तिच्यात हमखास चूक होते: आठ भोकांचा पॉलिश पेपर लावताना त्याची भोके पॅडच्या भोकांवर नेमकी बसली नाहीत, तर कितीही चांगला व्हॅक्यूम क्लीनर जोडला तरी धूळ बाहेरच उडते.

यापुढचा प्रश्न हवा किती खेचायची हा आहे, आणि खर्च वाया जातो तो इथेच. भुसा पाइपमध्ये न साचता पुढे जायचा असेल तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. चार इंची पाइपमध्ये तो वेग राखण्यासाठी सेकंदाला दीडशेहून अधिक लिटर हवा खेचावी लागते. दीड इंची नळीत मात्र सुमारे २३ लिटर पुरतात. व्हॅक्यूम क्लीनरचा जोर चांगला असतो, पण हवा तो सेकंदाला साधारण ३० ते ४० लिटरच ओढतो. म्हणून सँडर आणि राउटरला तो उत्तम चालतो, पण त्याला चार इंची पाइप जोडला तर भुसा वाटेतच बसून राहतो. टेबल सॉ किंवा मोठ्या रंधा-यंत्राला मोठ्या पंख्याचा डस्ट कलेक्टरच हवा. त्याचा पाइप आखूड आणि आतून गुळगुळीत असावा, आणि वळणावर काटकोनी एल्बोऐवजी (वळणाचा जोड) ४५ अंशांचे दोन वापरावेत.

व्हॅक्यूम क्लीनरच्या आधी शंकूच्या आकाराचा सायक्लोन बसवणे हा माझ्या मते सर्वांत लाभदायक खर्च आहे. त्यात हवा कडेने शिरून गरगर फिरते, भुसा भिंतीला घासत खालच्या बादलीत पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर जाते, त्यामुळे फिल्टर वारंवार तुंबत नाही. बादलीचे झाकण मात्र पूर्ण हवाबंद असले पाहिजे, कारण खालून थोडी जरी हवा शिरली तरी पडलेला भुसा पुन्हा वर खेचला जातो. रंगाचा पातळ रिकामा डबा यासाठी चालत नाही. नळी तुंबली की तो आत चेपतो. फिल्टरबाबत तडजोड अजिबात करू नये. ३० मायक्रॉनची साधी कापडी पिशवी भरड भुसा धरते आणि घातक धूळ खोलीभर पसरवते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर महाग वाटला, तर यंत्राची हवा भिंतीतून थेट बाहेर सोडावी, पण शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नव्हे. यंत्र किती चांगले आहे हे कळायला अंधाऱ्या खोलीत त्याच्या हवा सोडणाऱ्या तोंडासमोर बॅटरीचा झोत टाकावा. धूळ निसटत असेल तर लगेच दिसते. एवढे केल्यावरही एन-९५ मास्क हवाच, आणि तो काम थांबल्यावरही काही वेळ ठेवावा.

आगीचा धोकाही लक्षात ठेवावा. ज्या व्हॅक्यूममध्ये भुसा आहे त्याला लोखंड घासणारा ग्राइंडर कधीही जोडू नये, कारण आत गेलेली ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसू शकते. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी भुशात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. पावसाळ्यात दमट भुसा फिल्टरला थापून बसतो, म्हणून त्या दिवसांत बादली आणि फिल्टर दोन्ही वरचेवर साफ करावेत.

यंत्रे विकणाऱ्यांनी किमतीबरोबर धुळीच्या नळीचा व्यास आणि लागणारी हवा हेही ठळकपणे द्यावे, अशी माझी विनंती आहे. दुसरी विनंती फ्लॅटमध्ये फर्निचर करून घेणाऱ्यांना. तिथे मिस्त्री आणि त्यांची पोरे नाकाला रुमाल बांधून आठवडेच्या आठवडे प्लाय कापतात, आणि हौसेने काम करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त धूळ त्यांच्या छातीत जाते. कापण्या-घासण्याची खोली एकच ठरवावी, तिच्या दाराला प्लास्टिकचा पडदा लावावा, खिडकीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवावा आणि नळी जोडता येणारा व्हॅक्यूम क्लीनर व मास्क यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. तो खर्च मिस्त्रींच्या मजुरीतून नव्हे, तर घरमालकाने द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे