फ्रीजवर चादर टाकून काढलेला भारत

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला परदेशी फोटोग्राफरांवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, नाही म्हणत नाही. पण 'फोटो म्हणजे देशाचा आरसा' हे वाचून हसू आलं ओ. लेखकाच्या घरी कधी फोटोग्राफर आलेला दिसत नाही.

आमच्याकडं आला होता. दहा-बारा वर्षं झाली, साखर पेठेतल्या घरी आई मांडीवर सूप घेऊन दारात विड्या वळत बसलेली, तर हा गोरा आणि त्याच्यासोबत एक पुण्याचा पोरगा आले, फोटो काढू का म्हणाले, आई हसून हो म्हणाली तर पहिलं सांगणं हे की हसू नका. मग चष्मा काढायला लावला. चष्म्याशिवाय तिला पान कुठनं कापायचं तेवढं दिसत नाही, बोट कापलं असतं म्हणजे? मग आत बसवलं, ट्यूब बंद केली, खिडकीतलाच उजेड पाहिजे म्हणे. आणि मागं आमचा फ्रीज, लालभडक, विडीच्या पैशातनं हप्ते भरून घेतलेला, शेवटचा हप्ता त्याच महिन्यात फिटला होता. तो फोटोत नको! सरकवायला जागा नाही म्हणून आमचीच मयूरपंखी चादर काढून त्याच्यावर टाकली. चादरीचं मात्र लई कौतुक. आई मला विचारते, "फ्रीज काय चोरीचा हाय का रं?"

त्या फोटोत काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा. अंधारी खोली, डोळे बारीक करून बघणारी म्हातारी, सुपात विड्या. झाला भारत.

तुमच्या लेखात त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं केवढं गुणगान. फोटो 1984 चा, तो पण पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीतला, 1985 मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या कव्हरवर आला, आणि तिचं नाव शरबत गुला हे जगाला कळलं 2002 मध्ये! तोवर आख्खा अफगाणिस्तान म्हणजे ते दोन डोळे. तो फोटो काढणाऱ्या अमेरिकन स्टीव्ह मॅककरी साहेबांच्याच फोटोंतनं माणसं पुसून टाकल्याचं 2016 मध्ये बाहेर आलं, ते तुमच्या लेखकानं सोयीस्कर गाळलं. त्यांच्याकडं कॉम्प्युटरवर पुसतात, आमच्याकडं चादर टाकतात, एवढाच काय तो फरक. आणि हे आजचं पण नाही, 1876-78 च्या दुष्काळात मद्रासकडं हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं हाडाचा सापळा झालेल्या माणसांना ओळीनं बसवून फोटो काढलेले आहेत. बसवून, साहेब!

परदेशी लोकांचं सोडा, आपल्या पेपरात तरी काय वेगळं असतं? एप्रिल लागला की भेगा पडलेली जमीन आणि डोक्यावर हात लावलेला म्हातारा, म्हातारा पण दरवर्षी तोच, त्याची ढेकळं आता मला पाठ झालीत. यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या बातमीला जो नंदीध्वजांचा फोटो छापला तो पण जुनाच, मी कात्रण ठेवलंय, पाहिजे तर आणून दाखवतो. आपला फोटोग्राफर सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत पण जात नाही का?

तो गोरा फोटो पाठवतो म्हणाला होता, पत्ता पण लिहून घेतला. आई दोन वर्षं पोस्टमनला विचारत होती.

मागच्या वेळी माझं पत्र निम्मं कापलं होतं. या वेळी पण कापा, पण फ्रीजचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, साखर पेठ, सोलापूर