फुगलेले पाकीट म्हणजे टिकणारे पाकीट नव्हे

संपादक महोदय,

दिवाळी फराळाची पाकिटे आता छोटे उद्योग आणि बचत गटही नायट्रोजन भरून विकू लागले आहेत. त्यावर ‘गॅस भरलेले खाऊ नका’ असे संदेश फिरतात, ते निराधार आहेत. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. खाणाऱ्याला त्याचा अपाय नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी.

चिवडा खवट होतो तो तेलाला ऑक्सिजन लागल्याने. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप आधी बिघडतात. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन पाकिटात २ टक्क्यांच्या खाली, जमल्यास १ टक्क्यावर आणला तरच नायट्रोजनचा उपयोग. पाकीट फुगले म्हणजे हे साधले असे नाही, साध्या हवेनेही ते फुगते. सुई टोचून ऑक्सिजन मोजणारे मीटर हाच पुरावा. पाकिटाच्या फिल्मचा रोल बदलला की आणि दर तासाला एक पाकीट तपासावे. बहुतेक वेळा दोष सीलमध्ये सापडतो: शेवेचा चुरा किंवा मिठाचा कण यंत्राच्या जॉमध्ये (पाकीट दाबून चिकटवणाऱ्या तापलेल्या पट्ट्यांत) अडकतो आणि केसाएवढी फट राहते. पाकीट पाण्यात दाबून धरले की बुडबुडे दिसतात. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत गॅस भरणे तर पैसे वाया घालवणे आहे, कारण ऑक्सिजन तिच्यातून हळूहळू आत येतो. मेटलाइज्ड थराचे लॅमिनेटच (धातूचा पातळ मुलामा असलेली अनेक थरांची फिल्म) हवे. आणि तळणीचे तेलच जुने असेल, तर नायट्रोजन काही करू शकत नाही.

त्याहून गंभीर चूक म्हणजे ओलसर पदार्थ गॅस भरून दुकानात बाहेरच ठेवणे. शिजवलेली भाजी, उसळ, ओल्या खोबऱ्याचे सारण यांवर ऑक्सिजन नसल्याने बुरशी येत नाही, पदार्थ ताजा दिसतो. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ऑक्सिजन नसतानाच वाढतो. पीएच ४.६ च्या वर (म्हणजे आंबटपणा कमी) आणि भरपूर ओलावा असला की तो विष तयार करू शकतो, आणि ते वासावरून ओळखता येतेच असे नाही. असे पदार्थ १२१ अंश सेल्सिअसवर रिटॉर्ट करावेत (बंद पाकिटातच दाबाखाली वाफेने निर्जंतुक करावेत), नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून थोड्याच दिवसांत संपवावेत. नायट्रोजन कोरड्या फराळासाठी आहे.

दुसरा धोका पॅकिंग करणाऱ्यांना. १० फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. सात घनमीटर नायट्रोजन देणारा एक सिलिंडर तिथे गळला, तर ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर येतो. सुरक्षित मर्यादा १९.५ आहे. दोन सिलिंडर गळले तर परिस्थिती आणखी बिकट. गुदमरल्यासारखे वाटतही नाही, कारण ती जाणीव कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. माणूस सरळ कोसळतो, आणि त्याला उचलायला धावलेलाही. अमेरिकेत जॉर्जियातील गेन्सव्हिलच्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात २८ जानेवारी २०२१ रोजी द्रव नायट्रोजनच्या गळतीने सहा जण गेले. त्यांत मदतीला आत शिरलेलेही होते.

म्हणून सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून खोलीबाहेर ठेवावा, आत फक्त नळी आणावी, खिडकी उघडी ठेवावी आणि १९.५ टक्क्यांना वाजणारा ऑक्सिजन अलार्म लावावा. तो वाजला की सगळ्यांनी बाहेर पडावे, बाहेरूनच व्हॉल्व्ह बंद करावा. बचत गटांना पॅकिंग यंत्रासाठी अनुदान देणाऱ्या योजनांत हा अलार्म आणि ऑक्सिजन मीटर यंत्राच्या किमतीतच धरावेत, ही विनंती.

— अन्न पॅकेजिंग क्षेत्रातील एक तंत्रज्ञ, सांगली