बाबाजीपुऱ्याच्या सुतारकाकांस, कारेलीबागेतून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

स्वयंपाकघर लागलं. गॅस जोडला, दूध उतू घातलं, सासूबाईंनी साखरभात केला. तुम्ही पैशाला हात लावला नाहीत आणि पेढ्यांचा पुडाही तिथल्या तिथे नातवाच्या हातात देऊन मोकळे झालात, म्हणून आभार असे चारचौघांत मानते आहे. दुसरंही कारण आहे. ऑगस्ट २०२४मध्ये धोक्याची पातळी २६ फुटांची असताना आपल्या वडोदऱ्याची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली. तेव्हापासून आमच्या भागात तळमजल्यावर ओट्याखालची कपाटं बदलायची कामं निघतच आहेत, आणि जो तो आधी रंगाचं कार्ड उघडतो. तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा आधी भिंतीवरची पुराची रेघ कुठे आहे ते विचारलंत आणि जमिनीपासून तिथपर्यंत टेप लावलीत.

आमची जुनी कपाटं पार्टिकल बोर्डाची होती. भुसा आणि चुरा गोंदात दाबून केलेला तो माल. कड उघडी पडली की पाणी पितो, आणि एकदा फुगला की सुकल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू नुसत्या बोटांनी निघत होते. नव्यासाठी शोरूमवाल्यांनी वरपासून खालपर्यंत एचडीएचएमआर, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा घट्ट दाबलेला बोर्ड, आणि त्यावर चकचकीत ॲक्रिलिक सुचवलं होतं. त्या बोर्डाला तुम्ही नावं ठेवली नाहीत. दमट हवा सोसतो, पृष्ठभाग सपाट असतो, शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला चांगला, एवढं मोकळेपणाने सांगितलंत. मग नमुन्याचे तुकडे मागून आणायला लावलेत आणि मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या एका कातरणासोबत बादलीत बुडवून ठेवलेत. सासूबाई रोज पूजा झाली की बादलीत डोकावायच्या. पार्टिकल बोर्डाचा लगदा झाला, एचडीएचएमआरची कड हाताला लागेल इतकी उचलली आणि प्लाय जसाच्या तसा राहिला. घरात वाद घालायची गरजच उरली नाही.

प्लाय कसा पाहायचा, हे तर तुम्ही आमच्या ह्यांना अगदी शाळेसारखं शिकवलंत. शीटवर आयएसआयचा शिक्का हवा आणि त्यावर आकडा ७१० हवा, म्हणजे मरीन. ३०३ असेल तर तो साधा किंवा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणाऱ्या गोंदाचा), बेडरूमच्या कपाटाला पुष्कळ. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला की त्याच्या तोंडाकडे न बघता शिक्क्याकडे बघायचं. शिक्क्याखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो, हे तुमच्या नातवाने दाखवलं. तुम्ही मात्र शीटची कड न्याहाळली, थरांत कुठे पोकळी दिसते का पाहिलंत आणि बोटाच्या पेरांनी वाजवून एक शीट परत पाठवलंत.

खरी गंमत पुढे झाली. इतकं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात की ओट्याखाली मरीन प्लायसुद्धा नको! प्लाय टिकेल, पण गढूळ पाणी साचून राहिलं की सनमायका कडेने सुटतो, मागच्या पट्टीत चिखल बसतो आणि तो काढायला सगळं खोलावं लागतं. म्हणून खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि कडप्प्याचेच कप्पे, आजेसासूबाईंच्या वेळी होते तसे. पुढे ॲल्युमिनियमची चौकट आणि त्यावर शटर. मी पीव्हीसी बोर्डाचं विचारलं, कारण सध्या सगळे तेच सांगतात. पाण्याला उत्तम, पण शेगडीजवळच्या उष्णतेने नरम पडतो आणि कुकर-तव्यांच्या वजनाने मधोमध झोळ धरतो, असं तुमचं उत्तर होतं. सिंकखाली मात्र तो चालवून घेतलात.

बिजागऱ्या क्लिपच्या घ्यायच्या, हा तुमचा हट्ट मला आधी उगाच वाटत होता. सॉफ्ट-क्लोज आहे, दार आपोआप हळू मिटतं ना, बस झालं! पण ही बिजागरी मागची खिट्टी दाबली की पान्याशिवाय सुटते. आजवा धरणातून नदीत पाणी सोडणार अशी सूचना आली की खालची सगळी शटरं काढून माळ्यावर, ड्रॉवर उचलून त्यांच्याशेजारी, खाली नुसता दगड. ड्रॉवरही तुम्ही मोजकेच ठेवू दिलेत आणि तेही ओट्याच्या लगेच खाली, कारण ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलमधल्या गोळ्यांत एकदा गाळ गेला की ते चॅनेल भंगारातच. परवा आम्ही दोघांनी घड्याळ लावून तालीम केली. सासूबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या.

त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं. शोरूमच्या चित्रात ओटा ३४ इंचांचा होता, सगळीकडे असतो तसा. तुम्ही त्यांना उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलंत, त्यातून पाच इंच वजा केलेत आणि खिडकीखालचा तुकडा ३० इंचांवर आणलात. पोळ्या तिथेच लाटल्या जातात. आता त्यांचे खांदे दुखत नाहीत. वर्षाचे गहू एरंडेल लावून भरायची कोठी कुठे ठेवायची, हेही तुम्ही त्यांनाच विचारलंत. शोरूमच्या चित्रात कोठीला जागाच नव्हती. ती आता जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आहे. एल आकाराच्या कोपऱ्यात फिरती जाळी बसवायचा माझा बेत तुम्ही मोडलात. तिथे आता पुरणयंत्र, मोदकपात्र आणि सोऱ्या गुण्यागोविंदाने नांदतात, आणि त्या जाळीचे पैसे आम्ही वरच्या कपाटांच्या मरीन प्लायला घातले.

रंगावरून मात्र आपलं जमलं नाही. बाहेरून मोरपंखी मॅट मी माझ्या मर्जीने घेतला आणि तो मला अजूनही आवडतो. तुम्हाला फिकट पिस्ता हवा होता, जो इथल्या निम्म्या घरांत आहे! कपाटाच्या आतला सनमायका पांढराच हवा, झुरळ लगेच दिसतं, हे मात्र शंभर टक्के पटलं. दोन्ही बाजूंना सनमायका लावायचा तुमचा आग्रहही. शेजारच्यांनी शटरच्या आतल्या बाजूला नुसता रंग मारला होता. त्यांची शटरं पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकली आहेत.

एक काम राहिलंच आहे. चिमणीच्या डाव्या अंगाचं वरचं शटर एक सूतभर खाली उतरलंय. बिजागरीचा कुठला स्क्रू फिरवायचा ते तुम्ही ह्यांना दाखवलं होतं, पण त्यांनी फिरवल्यापासून ते दोन सूत उतरलंय. सवडीने एकदा येऊन जा. गौरी जेवतील त्या दिवशी आलात तर फारच छान, काकूंनाही आणा. सोसायटीतल्या बऱ्याच जणी तुमचा नंबर मागताहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कोणालाच दिलेला नाही, तेव्हा द्यायचा की नाही तेही कळवा.

आपली,
कारेलीबागेतली सूनबाई