रविवारी ग्रिनिच, रिमाइंडर

मंडळी, रविवारी सकाळी साडेदहाला कटी सार्क डीएलआर (लंडनची लाइट रेल्वे) स्टेशनच्या बाहेर भेटायचंय, अकरापर्यंत थांबू, मग आम्ही पुढे, उशिरा येणाऱ्यांनी सरळ ओल्ड रॉयल नेव्हल कॉलेजच्या गेटवर या. आवार आणि चॅपल फुकट आहे, पण पेंटेड हॉलला तिकीट लागतं, ते आपापलं ऑनलाइन काढा प्लीज, मागच्यासारखं एकाच्या कार्डावर नको 😄

मूळ इमारती वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने म्हाताऱ्या, जखमी खलाशांसाठी आखलेल्या, नेव्हल कॉलेज नंतर 1873 ला आलं. मधोमध मोकळी जागा का सोडलीय ते नदीकडून बघा, मागच्या क्वीन्स हाउस या राजघराण्याच्या जुन्या घरातून थेम्स दिसत राहायला हवी हा राणी मेरीचा हट्ट! पेंटेड हॉलला निवांत वेळ ठेवा, चित्रकार जेम्स थॉर्नहिलने 19 वर्षं रंगवलाय तो, छताला चौरस यार्डामागे 3 पौंड आणि भिंतींना फक्त 1. शेवटच्या भिंतीवर उजवीकडे खाली तो स्वतःच उभा आहे, हात असा पुढे करून की लोक म्हणतात राहिलेले पैसे मागतोय. पोरांना शोधायला लावा.

जेवण ग्रिनिच मार्केटमध्ये, ज्याचं त्याने. नदीकाठी वारा बोचरा असतो, जॅकेट आणाच. कोण कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत इथेच टाका.