जप्तीच्या कोटींचा हिशेब

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

गुजरातेतल्या मुंद्रा बंदरात डीआरआयने, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने, २१,००० कोटींचं हेरॉइन धरलं, तरी हा धंदा बसत कसा नाही, असं तू विचारलंस. आधी भागाकार कर. सप्टेंबर २०२१ मध्ये टॅल्कच्या, म्हणजे पावडरीत वापरतात त्या खनिजाच्या, नावाखाली कंटेनरमधून आलेला तो माल २,९८८ किलो होता. म्हणजे किलोला सात कोटी. हा भाव शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातातल्या पुडीचा. अफगाणिस्तानातून निघताना त्याच किलोला काही लाख रुपये पडतात, आणि धरला गेलेला माल पुन्हा उभा करायला मालकाला तेवढेच, वर वाहतूक आणि लाच, एवढाच खर्च येतो.

कोकेनच्या साखळीत हे जास्त स्वच्छ दिसतं. आकडे ढोबळ आहेत. एका किलोसाठी लागणारी कोकाची पानं कोलंबियात ८०० डॉलरची धर. तयार किलो तिथे २,००० ला जातो, अमेरिकेत घाऊक २५ ते ३० हजारांना, आणि तिथल्या रस्त्यावर ग्रॅमवारी, शुद्ध मालाच्या हिशेबाने, १,२०,००० पर्यंत. मधली वाढ मालाची नव्हेच. तुरुंगाची, गोळी खाण्याची जोखीम जो तो पुढच्याकडून वसूल करतो.

आता शेतं जाळून पानांचा भाव दुप्पट केलास, तर रस्त्यावर १,२०,००० चे १,२०,८०० होतील. एक टक्कासुद्धा नाही! समुद्रात दहातला एक किलो धरला, तर नऊ पोचवायला दहा पाठवावे लागतात. पोचलेल्या किलोमागे मालाचा जादा खर्च २२२ डॉलर. अमली पदार्थांच्या धोरणाचे अमेरिकेतले अभ्यासक पीटर रॉयटर आणि मार्क क्लायमन यांनी १९८६ मध्येच हे मांडलं होतं. तरी पत्रकार परिषदेत पुडीचाच भाव सांगितला जातो, याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या आकड्यावर लोक धोरणाचं यश मोजतात.

शेतावरची बंदी खरोखर कडक झाली की काय होतं, तेही बघ. तालिबानच्या बंदीनंतर अफगाणिस्तानातली अफूची (हेरॉइन तिच्यापासूनच बनतं) लागवड २०२२ मधल्या २,३३,००० हेक्टरवरून २०२३ मध्ये १०,८०० वर आली. भाव कडाडला. ज्यांच्या घरात जुना साठा होता त्यांचं भलं झालं. लहान शेतकऱ्याच्या हाती काहीच उरलं नाही.

एक गोष्ट बातम्यांतून नेहमी निसटते. पुडीचा भाव सहसा हलत नाही, हलते ती भेसळ. ८० डॉलरच्या ग्रॅममध्ये ८० टक्के माल असेल तर शुद्ध ग्रॅम १०० ला पडला. ४० टक्के असेल तर २००. म्हणजे भाव दुप्पट झाला आणि कुणाला कळलंही नाही. हेरॉइनमध्ये याचं उलटं फार वाईट. पातळ मालाची सवय झालेल्या पोराच्या हाती अचानक कसदार पुडी पडते, तो नेहमीएवढीच घेतो आणि त्याचा श्वास थांबतो.

तेव्हा पुढची बातमी वाचताना माल कुठे धरला, किती शुद्ध होता आणि भाव कोणत्या टप्प्यावरचा लावलाय, एवढं शोध. शुद्धता छापलेली क्वचितच सापडेल.

तुझा,
विनू